ज्यांच्या ग्रंथाला नाव नव्हते : इमाम सीबवैह (रह.)



आपल्या घरातील कुरआन शरीफ उघडून कोणतीही एक ओळ पाहा. अक्षरांच्या वर आणि खाली जबर, जेर, पेश यांच्या बारीक खुणा दिसतील. मकतबमध्ये उस्तादांनी आपले बोट धरून त्या शिकवल्या, तेव्हा त्यांचे मोल आपल्याला कळले नव्हते. सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत रसूल या शब्दाच्या लामवर पेश आहे. त्या पेशमुळे असा अर्थ होतो, की अल्लाह मुश्रिकांच्या जबाबदारीतून मुक्त आहे आणि त्याचा रसूलही मुक्त आहे. तेथे कोणी जेर वाचला, तर नऊजुबिल्लाह, अल्लाह आपल्या रसूलच्याच जबाबदारीतून मुक्त झाल्याचा अर्थ निघतो. एवढ्याशा खुणेवर एवढा मोठा अर्थ उभा आहे. अशाच एका चुकीच्या वाचनाची घटना अरबी व्याकरणाच्या, म्हणजे नह्वच्या, आरंभकथांमध्ये सांगितली जाते.

शब्दाच्या शेवटी जबर का, पेश का, या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्येत मिळते, त्या विद्येचा सर्वांत मोठा ग्रंथ ज्यांनी लिहिला, ते जन्माने अरब नव्हते. त्यांची जीभ बोलताना अडखळत असे. भर वर्गात त्यांची चूक काढली गेली होती. पुढे भर दरबारात ते हरले आणि ग्रंथाला नाव देण्याआधीच या जगातून निघून गेले. आज त्यांचीच जीवनकथा आपल्यासमोर मांडतो. वर्षानुवर्षे एखाद्या विषयाचा शोध घेत बसलेला मुलगा किंवा मुलगी आपल्या घरात असेल आणि हे काम आपल्याच्याने होणार नाही असे त्याला वा तिला वाटू लागले असेल, तर ही कथा त्यांना अवश्य वाचून दाखवा.

बैजा गावचा मुलगा

त्यांचे नाव अम्र बिन उस्मान बिन कंबर आणि कुनियत अबू बिश्र. सीबवैह हे फारसी टोपणनाव. सफरचंदाचा सुगंध असा त्याचा अर्थ पूर्वापार सांगितला जातो. हिजरी दुसऱ्या शतकात, इ.स. 760 च्या सुमारास, इराणातील फार्स प्रांतात शिराजजवळच्या बैजा या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे हारिस बिन कअब या अरब कबिल्याचे मवाली होते. मराठीत आज मवाली म्हटले की आपल्यासमोर गुंड उभा राहतो. अरबीत मात्र त्या काळी, एखाद्या अरब कबिल्याशी नाते जोडून इस्लामी समाजात सामील झालेल्या बिगरअरब माणसाला हा शब्द लावीत. शब्दांचे नशीबही माणसांसारखेच फिरते.

लहान वयातच ते बसऱ्याला आले. बसरा त्या काळी विद्येचे माहेरघर होते. मशिदीच्या प्रत्येक खांबाशी एखादा उस्ताद बसलेला असे. कोठे हदीसचा दर्स, कोठे फिक्हचा, कोठे शेर आणि भाषेचा. शहराच्या कडेला मिरबदचा बाजार भरे. वाळवंटातील बद्दू तेथे उंट विकायला येत. विद्यार्थी त्यांच्याभोवती जमत आणि त्यांच्या तोंडची निर्भेळ अरबी कान देऊन ऐकत.

या मुलाला हदीस आणि फिक्ह शिकायचे होते. म्हणून तो हजरत हम्माद बिन सलमा (रह.) यांच्या दर्समध्ये बसू लागला. एके दिवशी उस्ताद एक हदीस लिहून देत होते. तिच्यात हजरत अबू दर्दा (रजि.) यांचे नाव लैस या शब्दानंतर आले होते आणि उस्तादांनी ते अबा दर्दा असे उच्चारले होते. लैस म्हणजे नाही. त्याच्या पुढे येणारे नाम सहसा कर्त्याच्या रूपात असते, म्हणजे अबा ऐवजी अबू. तेवढा नियम या विद्यार्थ्याला ठाऊक होता. त्याने सर्वांसमोर अबू असे म्हटले. हजरत हम्माद (रह.) यांनी त्याला तेथेच थांबवले. या ठिकाणी लैस नकार दाखवीत नाही, तो वगळून किंवा व्यतिरिक्त या अर्थाने आला आहे आणि म्हणून अबा हेच रूप बरोबर आहे, असे त्यांनी समजावून दिले.

चूक एका स्वराची होती. पण वाचकहो, ज्याला अर्धे ज्ञान असते, त्याची चूक त्याला अधिक झोंबते. ज्याला काहीच येत नाही, तो चुकला तर मान खाली घालून शिकतो. ज्याला आपल्याला येते असे वाटत असते, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. बिगरअरब मुलगा, परक्या शहरात, अरबांच्या मुलांदेखत त्यांच्याच भाषेत चुकला होता. रिवायतीत येते, की त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवले, आता अशी विद्या शिकायची, की पुन्हा कोणी आपल्या बोलण्यात चूक काढू शकणार नाही.

या निश्चयात विद्येची तहान होती आणि तारुण्यातला थोडा अभिमानही होता. पुढे अल्लाहने त्यांची तहान भागवली. अभिमानाचे काय केले, ते आपण पाहणारच आहोत.

खलील (रह.) यांच्या झोपडीत

बसऱ्यात त्या वेळी इमाम खलील बिन अहमद फराहीदी (रह.) होते. आपल्या मुसहफात जबर, जेर, पेश यांच्या खुणा आज ज्या रूपात दिसतात, त्यांचे श्रेय त्यांनाच दिले जाते. अरबी काव्याचे छंदशास्त्र, म्हणजे अरूज, त्यांनीच बांधले. अरबी शब्दकोशाचा पाया त्यांनीच घातला. एवढा मोठा माणूस एका साध्या झोपडीत राहत असे. त्यांच्या विद्येवर शिष्य धनवान होत होते आणि त्यांच्या स्वतःच्या हाती दोन नाणी नसत, असे त्यांच्या एका शिष्याने सांगून ठेवले आहे.

सीबवैह त्यांच्याकडे जाऊ लागले. किती वेळा आले तरी ज्याचा कंटाळा येत नाही, अशा पाहुण्यासारखे उस्ताद त्यांचे स्वागत करीत. शिष्य विचारी आणि उस्ताद उत्तर देत. त्यावर पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. सीबवैह यांच्या ग्रंथात खलील (रह.) यांचा हवाला पाचशेहून अधिक वेळा येतो. नाव न घेता नुसते त्यांना विचारले असे जेथे लिहिले आहे, तेथेही बहुधा खलील (रह.) यांनाच विचारलेले असते, असे जाणकार सांगतात. त्यांच्याखेरीज यूनुस बिन हबीब (रह.) यांच्यासारख्या इतर उस्तादांकडूनही सीबवैह यांनी भरपूर घेतले आणि प्रत्येकाचे घेतलेले त्या त्या उस्तादाच्या नावावर नोंदवले.

हे काम किती संथ असेल, याची कल्पना करून पाहा. छापलेले पुस्तक नाही, तयार शब्दसूची नाही. एक रचना बरोबर की चूक हे ठरवायचे, तर प्रथम कुरआन मजीदमधील तिचा प्रयोग शोधायचा. मग जुन्या कवींचे शेर आठवायचे. मग ज्यांच्या भाषेवर विश्वास ठेवता येईल अशा अरबांचे बोलणे ऐकायचे. दोन कबिले दोन तऱ्हेने बोलत असतील, तर दोन्ही नोंदवून त्यांतील अधिक प्रचलित कोणती ते पाहायचे. एवढे झाल्यावर उस्तादांना विचारायचे. उस्तादांचे मत पुराव्याशी जुळत नसेल तर थांबून पुन्हा विचार करायचा. त्यांच्या ग्रंथात हजाराहून अधिक शेर पुरावा म्हणून आले आहेत. त्यांतील प्रत्येक शेर असा पारखून घेतलेला आहे.

त्यांच्या पारखण्याची रीत समजावी म्हणून एक उदाहरण देतो. माणसाच्या बोलण्याचे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच पाच प्रकार केले. ते आपल्या मराठीत उतरवून पाहू. काल मी आलो, हे सरळ आणि चांगले. काल मी येईन, हे अशक्य, कारण वाक्याचे तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. मी सह्याद्री खांद्यावर उचलला, ही रचना बिनचूक पण बोलणे खोटे. शब्द योग्य असूनही जागा चुकलेल्या असतील, तर ते बोलणे समजते पण कुरूप ठरते. आणि काल मी सह्याद्री खांद्यावर उचलीन, हे अशक्यही आणि खोटेही. बाराशे वर्षांपूर्वी एका माणसाने व्याकरणाची शुद्धता आणि बोलण्याची सत्यता या दोन गोष्टी अशा वेगळ्या करून दाखवल्या. वाक्य शुद्ध असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही, हा धडा व्याकरणाइतकाच आपल्या आखिरतच्याही उपयोगाचा आहे.

इतके करूनही त्यांना स्वतःच्या कामाची खात्री वाटत होती का? त्यांचे सहकारी अख्फश यांनी सांगितलेली एक आठवण या दृष्टीने फार बोलकी आहे. ग्रंथाचा एखादा भाग लिहून झाला, की सीबवैह तो अख्फश यांना दाखवीत. अख्फश आपल्यापेक्षा अधिक जाणतात, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात अधिक जाणणारे सीबवैहच होते, हे अख्फश यांनी पुढे स्वतःच मान्य केले. ज्या माणसाने कोणी चूक काढू नये म्हणून या वाटेवर पाऊल टाकले होते, तोच आता आपली पाने हातात घेऊन चूक काढणाऱ्याला शोधत होता. मनातील शंकेला त्याने असे कामाला लावले होते.

त्यांची जीभ अडखळत असे, हे आरंभी सांगितलेच. त्यांना ऐकलेल्या एका समकालीनाने नोंदवले आहे, की पुढे त्यांचा ग्रंथ वाचला तेव्हा त्यांची लेखणी जिभेपेक्षा कितीतरी वाक्पटू असल्याचे दिसले. हजरत मूसा (अलै.) यांनीही फिरऔनकडे जाण्यापूर्वी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. जीभ अडखळणे हा इल्मचा दोष नव्हे. पण ज्या दरबारात जिभेवरच निकाल लागतो, तेथे अशा माणसाचे काय होते?

बगदादचा तो दिवस

खलील (रह.) यांचे निधन झाले. उस्तादांची विद्या आता आपण जिवंत ठेवू या, असे सीबवैह यांनी आपल्या एका सहाध्यायाला सुचवल्याचे सांगतात. पुढे ते बगदादला गेले. हारून रशीद यांचा तो काळ. याह्या बिन खालिद बरमकी हे वजीर होते आणि विद्वानांना त्यांच्या दरबारी मान होता. बगदादमध्ये भाषेच्या क्षेत्रात कूफ्याच्या परंपरेचे इमाम किसाई (रह.) यांचा शब्द प्रमाण मानला जाई. ते किराअतच्या सात प्रसिद्ध इमामांपैकी एक आणि खलिफांच्या पुत्रांचे उस्ताद. बसऱ्याचा हा तरुण विद्वान आणि किसाई (रह.) यांच्यात मुनाजरा व्हावा असे ठरले.

ठरलेल्या दिवशी सीबवैह आधी पोहोचले. किसाई (रह.) यांच्या आगमनापूर्वीच त्यांच्या शिष्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. एक शिष्य तर प्रत्येक उत्तरावर चूक, चूक असेच म्हणत राहिला. त्या शिष्यांमध्ये फर्रा नावाचे एक बुद्धिमान तरुणही होते. त्यांचे नाव लक्षात ठेवा. शेवटी, तुमचे उस्ताद आल्यावरच मी बोलेन, असे सांगून सीबवैह गप्प बसले.

किसाई (रह.) आले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला, तो इतिहासात गांधीलमाशीचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध झाला. विंचवाचा डंख गांधीलमाशीच्या डंखाहून अधिक जहरी असेल असे मला वाटत होते, पण पाहतो तर हा तोच, अशा आशयाचे ते वाक्य. अरबीत या शेवटच्या भागात फइजा हुव हिय म्हणावे, की फइजा हुव इय्याहा असेही चालेल, एवढाच प्रश्न. आपल्या भाषेत कल्पना करायची, तर पाहतो तर हा तोच म्हणावे, की पाहतो तर हा त्यालाच असेही चालेल, असे काहीसे. सीबवैह म्हणाले, पहिलेच रूप बरोबर, दुसरे नाही. किसाई (रह.) यांचे म्हणणे, अरब दोन्ही बोलतात.

दोन शहरांचे दोन मोठे विद्वान आमनेसामने होते. निवाडा कोणी करावा? दरबाराच्या दाराशी आलेल्या काही अरब बद्दूंना आत बोलावण्यात आले आणि त्यांनी किसाई (रह.) यांच्या बाजूने कौल दिला. या बद्दूंना आधीच वश केले होते, असे काही रिवायती सांगतात. त्यांनी वादातील वाक्य प्रत्यक्ष उच्चारलेच नाही, केवळ किसाई (रह.) बरोबर आहेत एवढेच म्हटले, असेही सांगितले जाते. या रिवायती बहुधा बसऱ्याच्या पक्षाकडून आलेल्या आहेत. इमाम किसाई (रह.) यांची किराअत उम्मतने डोक्यावर घेतली आहे. त्यांच्याविषयी बदगुमानी बाळगण्याचे आपल्याला कारण नाही. मतभेद दोन्ही बाजूंनी इल्मचा होता. एवढे मात्र खरे, की पुढील काळातील बहुतेक व्याकरणकारांनी सीबवैह यांचाच पक्ष अधिक बळकट मानला. सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अलै.) यांचा असा जमिनीवर पडून साप होतो, त्या वर्णनात नेमकी हीच रचना आहे आणि तेथे सापाच्या शब्दावर पेशच आहे.

पण पुढच्या काळाचा निकाल त्या दिवशी दरबारात उपयोगाचा नव्हता. त्या दिवशी सीबवैह हरले. याह्या यांनी त्यांना दहा हजार दिरहम दिल्याचे सांगतात. किसाई (रह.) यांनीच त्यांना काही द्यावे असे सुचवले, अशीही रिवायत आहे. ज्याने आयुष्यभर एकेका शब्दासाठी पुरावा शोधला, त्याच्या हाती हरल्यानंतर पैशांची थैली ठेवली गेली. जिंकणाऱ्याने दिलेला दिलासा घेऊन परतणे किती जड असते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

परतीची वाट

ते पूर्वीसारखे बसऱ्याला राहायला गेले नाहीत. जेथे उस्तादांची झोपडी होती, जेथे प्रत्येक खांबाशी ओळखीचा चेहरा होता, त्या शहराकडे त्यांची पावले वळली नाहीत. आपल्या जन्मभूमीकडे, फार्सकडे ते निघून गेले. तेथेच थोड्या काळाने आजारी पडले. रिवायतीत येते, की अखेरच्या घटकेला त्यांचे मस्तक भावाच्या मांडीवर होते. भावाच्या डोळ्यांतून एक थेंब त्यांच्या गालावर पडला आणि त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. हि. 180 (इ.स. 796) च्या सुमारास शिराजमध्ये त्यांचे निधन झाले. वय चाळिशीच्या आसपास, काहींच्या मते त्याहूनही कमी. त्यांची कबर आजही शिराजमध्ये दाखवली जाते.

मागे उरली ती पाने. त्यांना नाव नव्हते. प्रस्तावना नव्हती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आरंभीचा खुत्बा नव्हता आणि शेवटी समारोपही नव्हता. हा ग्रंथ त्यांच्याकडून पूर्ण वाचून घेतलेला एकही शिष्य नव्हता. त्या काळी ग्रंथाची सनद शिष्याच्या मुखातून चाले. ज्या ग्रंथाला वाचून घेणारा शिष्य नाही, तो ग्रंथ वाऱ्यावर पडलेल्या पानांसारखाच.

पाने आणि समुद्र

अल्लाहने ती पाने वाऱ्यावर जाऊ दिली नाहीत. ती अख्फश यांच्याजवळ होती, म्हणजे ज्यांना सीबवैह एकेक भाग दाखवीत, त्यांच्याच जवळ. अख्फश हा ग्रंथ स्वतःचा म्हणून पुढे आणतील की काय, अशी शंका बसऱ्यातील जरमी आणि माजिनी या दोन विद्यार्थ्यांना आली, असे सांगतात. त्यांनी अख्फश यांना मोबदला देऊन तो ग्रंथ त्यांच्याकडून वाचून घेतला आणि हा सीबवैह यांचाच ग्रंथ आहे, हे सर्वत्र जाहीर केले.

वृद्ध उस्ताद यूनुस (रह.) यांच्या कानी आले, की सीबवैह यांनी खलील (रह.) यांच्या विद्येवर हजार पानांचा ग्रंथ लिहून ठेवला आहे. त्यांना आश्चर्य वाटले. इतके त्याने ऐकले तरी केव्हा? त्यांनी ग्रंथ मागवला आणि आपल्या स्वतःच्या नावावर जे नोंदवले होते, ते तपासून पाहिले. सर्व खरे निघाले. माझ्याविषयी हा खरे लिहितो, तर खलील यांच्याविषयीही खरेच लिहिले असेल, असा निर्णय त्यांनी दिला. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. दरबारात ज्याची साक्ष टिकली नाही, त्याची साक्ष त्याच्या अमानतदारीने दिली. ज्याचे त्याच्या नावावर लिहिण्याची ती सवय नसती, तर यूनुस (रह.) यांना तपासायला काहीच सापडले नसते.

आणि किसाई (रह.)? सांगतात, की पुढे त्यांनी अख्फश यांच्याकडून हाच ग्रंथ वाचून घेतला आणि त्यासाठी सत्तर दीनार दिले. फर्रा यांचे नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. ते पुढे कूफ्याच्या परंपरेचे सर्वांत मोठे व्याकरणकार झाले. त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या उशाखाली सीबवैह यांचा ग्रंथ सापडल्याची रिवायत आहे. त्या दिवशी प्रश्नांची सरबत्ती करणाऱ्यांपैकी एकाने आयुष्याच्या शेवटपर्यंत त्याच माणसाचे शब्द उशाशी ठेवले होते.

नाव नसल्यामुळे लोक त्या ग्रंथाला नुसते अल-किताब म्हणू लागले. अरबीत किताब म्हणजे कोणतेही पुस्तक. पण नह्वच्या क्षेत्रात अल-किताब म्हटले, की दुसरे कोणते हे विचारावे लागत नाही. तो पूर्ण वाचणाऱ्याची तुलना समुद्र पार करणाऱ्याशी होऊ लागली. प्रसिद्ध लेखक जाहिज यांनी एका वजिराला भेट म्हणून नेण्याजोगी वस्तू शोधली, तेव्हा त्यांना हाच ग्रंथ सुचला. जरमी पुढे फिक्हमध्ये फतवे देऊ लागले आणि आपण ते सीबवैह यांच्या ग्रंथाच्या बळावर देतो असे सांगत. कारण त्या ग्रंथात शोध कसा घ्यावा, पुरावा कसा तोलावा, हे शिकायला मिळते. हदीसच्या वर्गातून एका चुकीमुळे जो विद्यार्थी बाजूला झाला होता, त्याचा ग्रंथ असा फिक्हच्या सेवेत परत आला.

आपल्या घराशी त्यांचे नाते आजही तुटलेले नाही. मदरशातील मूल नह्व शिकू लागते, तेव्हा पहिलाच धडा असतो, की शब्द तीन प्रकारचे, इस्म, फेल आणि हर्फ. अल-किताबची सुरुवातही तेथूनच होते. तज्वीदच्या पुस्तकात मखारिज, म्हणजे अक्षरे तोंडात व घशात जेथून निघतात त्या जागा, किती हे सांगताना खलील (रह.) यांच्या मते 17, सीबवैह (रह.) यांच्या मते 16 आणि फर्रा (रह.) यांच्या मते 14 असे लिहिलेले असते. उस्ताद, शिष्य आणि शिष्याचा प्रतिस्पर्धी अशी तीन नावे एका ओळीत, आपल्या मुलांच्या दप्तरात बसली आहेत.

आपल्यासाठी

मदरशातून बाहेर पडल्यावर मी मराठी विषय घेऊन बी.ए. करीत होतो. एकदा माझा निबंध वाचून एका जाणत्या गृहस्थांनी कौतुक केले, की तुमच्या मानाने तुमचे मराठी चांगले आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तुमच्या मानाने हे दोन शब्द माझ्या मनात कितीतरी दिवस गांधीलमाशीसारखे घोंघावत राहिले. लिहायला बसलो, की प्रत्येक वाक्य आपलेच आहे की उसने, अशी शंका येई. त्या दिवसांत मला बैजा गावच्या त्या बिगरअरब मुलाने आधार दिला. परक्यांची भाषा परक्यांपेक्षा खोल समजून घेणारा तो मुलगा मुसलमानच होता आणि त्याने हे काम इबादतसारखे केले होते.

आपल्या घरांतील मुले आज महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. कोणी प्रबंध लिहीत आहे, कोणी प्रयोगशाळेत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करीत आहे. मार्गदर्शकांनी प्रकरण परत पाठवले, तोंडी परीक्षेत उत्तर अडले, वर्ष उलटले आणि हाती काही लागले नाही, की ती गप्प होतात. अशा वेळी आईवडिलांनी किती झाले, कधी संपणार, एवढेच विचारू नये. हजरत हम्माद (रह.) यांनी चूक दाखवली म्हणून सीबवैह घडले आणि खलील (रह.) यांनी दार उघडे ठेवले म्हणून ते टिकले. चूक दाखवणारा आणि दार उघडे ठेवणारा, दोघेही विद्यार्थ्याला लागतात. बाहेर पहिला भेटतोच. घरात दुसरा असला पाहिजे.

आणि जे स्वतः या वाटेवर आहेत, त्यांना एवढेच सांगायचे, की सीबवैह (रह.) यांचा तरुणपणीचा निश्चय पूर्ण झाला नाही. त्यांची चूक पुन्हा काढली गेली आणि तीही साऱ्या दरबारासमोर. चूक निघणारच नाही अशी विद्या अल्लाहने कोणाही विद्वानाला दिलेली नाही. त्यांना जे मिळाले ते निराळे होते. त्यांच्या पानांवरून हजारो लोकांनी आपल्या चुका सुधारल्या आणि आजही सुधारतात. आपली शंका आपल्याला आपले काम पुन्हा तपासायला लावीत असेल, तर ती अल्लाहची नेमत आहे. ती काम सोडायला लावीत असेल, तर तिच्यापासून अल्लाहचा आश्रय मागावा आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुन्हा त्याच पानाशी बसावे. जे ज्याच्याकडून घेतले, ते त्याच्या नावावर लिहावे. ग्रंथाला नाव मिळेल की नाही, तो कोणाच्या हाती पडेल, ही चिंता आपली नाही.

अल्लाह इमाम सीबवैह, त्यांचे उस्ताद आणि त्यांच्याशी वाद घालणारे, सर्वांवर रहमत करो. आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो, त्यांच्या जिभेची गाठ सोडवो आणि त्यांच्या अपुऱ्या पानांना जपणारा कोणीतरी मिळवून देवो. आमीन.